भावाच्या वतीने

चष्म्यावर ती स्वतःच बसली होती, त्यामुळे दोष द्यायला दुसरं कुणी नव्हतं.

एका लग्नासाठी हॉल बघायला ती आली होती. एकेका खुर्चीवर बसून तिथून काय दिसतं ते पाहायची तिला सवय. शेवटच्या रांगेतल्या पाहुण्यालासुद्धा नवरीचा चेहरा दिसला पाहिजे, नुसती पाठ दिसून काय उपयोग, असं तिचं म्हणणं. तर चष्मा काढून तिने एका खुर्चीवर ठेवला, डोळे चोळले, आणि नेमकी त्याच खुर्चीवर जाऊन बसली. कडकन आवाज झाला. मग कुठूनच काही दिसायचा प्रश्न उरला नाही.

बाहेर भुरभुर पाऊस लागला होता. समोरच्या रांगेतल्या एका दुकानाच्या पाटीवर भलेमोठे दोन डोळे रंगवलेले होते, तेवढे तिला चष्म्याशिवायही दिसले. चाचपडत ती आत शिरली आणि काउंटरपाशी उभ्या असलेल्या उंच माणसाला म्हणाली, "हा दुरुस्त होईल का हो?"

"त्याला नका विचारू," मागून आवाज आला. "तो कोट अडकवायचा खांब आहे. मालक मी."

ती वळली. समोर एक धूसर चेहरा होता, आणि तो हसू दाबत होता एवढं नक्की.

"याच्यावरून बस गेली का?" चष्म्याचे तुकडे हातात घेत त्याने विचारलं.

"मी बसले."

त्याने तुकडे उलटसुलट करून पाहिले. मग फार गंभीरपणे म्हणाला, "फ्रेमच कमकुवत होती."

तिला हसू फुटलं. चष्मा मोडल्यावर हसू येण्यासारखं काय आहे, असं तिने स्वतःला विचारून पाहिलं, पण हसू काही आवरेना.

त्याने तिला उंच खुर्चीत बसवलं, डोळ्यांसमोर ते जड लोखंडी चौकटीसारखं यंत्र लावलं आणि एकेक भिंग घालून बघू लागला. अक्षरं फुटत होती, जुळत होती. शेवटचं भिंग बसलं तेव्हा तिला पहिल्यांदा नीट दिसला तो त्याचाच चेहरा. कानशिलावर थोडे पांढरे केस, गालावर एक खळी, आणि दुसऱ्याच्या डोळ्यांत रोखून बघायची रोजची सवय असल्यामुळे अजिबात न संकोचणारे डोळे. संकोचली ती.

"काय करता आपण?" त्याने विचारलं.

"लग्न लावते."

"किती वेळा?"

"दुसऱ्यांची," ती म्हणाली, आणि तिचे कान तापले.

बाजारात तिला सगळे लग्नवालीच म्हणत. फुलवाले, दिवेवाले, खुर्च्यावाले, सगळे. तिची आई मात्र, "गावाची लग्नं लावत फिरतेस, तुझ्याकडे कधी बघणार?" असं दर रविवारी फोनवर विचारायची, आणि लग्नवाली दर रविवारी फोनमध्ये आवाज येत नसल्याचं सोंग करायची.

पण तिच्या कामाची एक रीत होती, आणि त्या रीतीवर तिचा फार जीव होता. चकचकीत फोटो दाखवून "यातलं कुठलं हवं?" असं ती कधीच विचारत नसे. ती नवरीला एकटीला बसवायची, नवऱ्याला एकट्याला बसवायची आणि प्रश्न विचारायची. लहानपणी कुठे लपायचात? कुठला आवाज ऐकला की घरी आल्यासारखं वाटतं? कुणाच्या शेजारी गप्प बसता येतं? मिळालेली उत्तरं ती कुणाला सांगायची नाही. नवरीच्या उत्तरांतून अर्धं लग्न घडायचं, नवऱ्याच्या उत्तरांतून अर्धं. आणि लग्नाच्या आदल्या दिवशी ती दोघांना रिकाम्या हॉलमधून एक फेरी मारून आणायची. त्या फेरीत दोघांना एकमेकांबद्दल अशा गोष्टी कळायच्या, की भलेभले विरघळून जायचे. आईवडिलांना ती कधी काही विचारत नसे. आईवडील आपलं मूल जसं व्हायला हवं होतं तसं सांगतात, असं तिचं ठाम मत. ठाम मतांची तिच्याकडे तशी काही कमतरता नव्हती.

दोन दिवसांनी नवा चष्मा तयार झाला. तो आणायला ती जाणार, तेवढ्यात चष्मा घेऊन दुकानाचा मालकच तिच्या ऑफिसच्या पायऱ्या चढून वर आला. हाशहुश करत.

"पोचवायला आलात?" ती म्हणाली. "सगळ्यांना घरपोच देता?"

"नाही. तुमच्यासाठीही खास आलो नाहीये, गैरसमज नको." त्याने चष्मा टेबलावर ठेवला आणि खुर्ची ओढली. "मी माझ्या भावाचं लग्न घेऊन आलोय. पोहणं शिकवणारी मुलगी आली होती ना तुमच्याकडे? ती माझी होणारी भावजय."

तरणतलावावर पोरांना पोहायला शिकवणारी ती मुलगी लग्नवालीला फार आवडली होती. मनातल्या मनात तिने तिचं नाव मासोळी ठेवून टाकलं होतं. तिचा होणारा नवरा मालवाहू जहाजावर इंजिनिअर होता. तो येणार थेट लग्नाच्या आधी चार दिवस. समुद्रातून एकदा त्याचा फोन आला होता. निम्मी वाक्यं वाऱ्यात गेली. "दादाला विचारा, त्याला सगळं माहीत आहे," एवढं शेवटचं ऐकू आलं.

तो दादा म्हणजे हा.

खरं तर दुसऱ्याच्या वतीने उत्तरं घ्यायची तिची रीत नव्हती. पण समोर खळी होती. "ठीक आहे," ती म्हणाली. "तुमच्या भावाला लग्नात काय हवंय? मनापासून?"

"बँड," चष्मेवाला ताबडतोब म्हणाला. "दणदणीत. आणि फटाके. जहाजाच्या आकाराचा केक. आणि माइक हातात घेऊन त्याला गाणं म्हणायचंय. गळा अगदी रेड्याचा आहे, पण हौस दांडगी."

लग्नवालीचं तोंड कडू झालं. तिला लपवता आलं नाही, आणि तिने फारसा प्रयत्नही केला नाही.

"हे सगळ्यांनाच हवं असतं," ती म्हणाली.

"त्याला खरंच हवंय. लहानपणापासून."

"असं वाटतं माणसाला. आत काय असतं ते त्याचं त्यालाही ठाऊक नसतं. मला आतलं सांगा. लहानपणी तो... कुठे लपायचा?"

चष्मेवाल्याने खिडकीबाहेर पाहिलं. पावसाचे थेंब गजांवरून ओघळत होते.

"घरी पाहुणे आले की," तो हळूच म्हणाला, "जेवणाच्या टेबलाखाली. टेबलक्लॉथ जमिनीपर्यंत यायचा. आत बसून वरच्या गप्पा ऐकायच्या. नुसते पाय दिसायचे सगळ्यांचे, आणि... पायांवरून कळायचं, कोण खोटं बोलतंय ते."

लग्नवाली पुढे झुकली. तिचे हात टेबलावर होते तसेच राहिले. ती त्याच्याकडे अशी बघत होती, की एखाद्या माणसाला आपल्या आयुष्यात काहीतरी मोलाचं घडलं होतं असं वाटावं.

"हे," ती म्हणाली. "हे हवंय मला."

त्या दिवसापासून तो आठवड्यातून एकदा येऊ लागला, मग दोनदा, मग काम नसताना. धाकट्याला काय आवडतं ते तो सांगायचा आणि ती ऐकायची. धाकट्याला खिडकीशी बसायला आवडतं, कुणाच्या तरी शेजारी, एक शब्दही न बोलता. धाकट्याला दुसऱ्या खोलीत कुणीतरी हलक्या आवाजात गुणगुणत असलं की झोप लागते. धाकट्याला एका मोठ्या दिव्यापेक्षा घरभर पेटलेले बारके बारके दिवे आवडतात. ऐकता ऐकता तिच्या डोळ्यांपुढे तो हॉल उभा राहायचा. खिडकीशी दोन-दोन खुर्च्या, बाहेरच्या बाजूला वळवलेल्या. पडद्याआड एकच व्हायोलिन. जमिनीपर्यंत पांढरं कापड सोडलेलं एक लांब टेबल, पाहुण्यांच्या पोरांनी खाली जाऊन बसावं म्हणून. तिने इतकी लग्नं आखली, पण असा हात तिचा कधी चालला नव्हता.

दिव्यांच्या छत्र्या आणायला दोघं मिळून गेली. पाऊस होता आणि छत्री एकच. अर्थात ती त्याचीच, कारण लग्नवाली स्वतःची मुद्दाम विसरून आली होती.

"तुझा खांदा भिजतोय," तो म्हणाला. 'तुझा' म्हणाला आणि थबकला. "म्हणजे... तुमचा."

"पहिलंच बरं होतं."

"पहिलंच ठेवू?"

"ठेव," ती म्हणाली, आणि समोरच्या दुकानातल्या दिव्यांकडे एवढं लक्ष देऊन बघू लागली, की दुकानदार लगबगीने बाहेर आला.

परतताना तिच्या दाराशी तो रेंगाळला. छत्री मिटली, उघडली, पुन्हा मिटली. "हे लग्न पार पडू दे," तो म्हणाला. "मग मला तुला एक विचारायचंय."

"आत्ता विचार की."

"आत्ता मी भावाच्या कामावर आहे."

जिना चढताना ती गात होती. तिचा गळाही काही फार सुरेल नव्हता.

तिला काही कळलं नव्हतं असं नाही. न कळायला ती काय कुक्कुलं बाळ होती? धाकट्याचं वर्णन करताना थोरल्याचा आवाज कातर व्हायचा. आणि समुद्रावरून ओरडून बोलणारा तो फोनवरचा गडी काही खिडकीशी गप्प बसणारा वाटला नव्हता. एकदा तिने विचारलंही, "हे सगळं त्याचंच आहे ना?"

चष्मेवाल्याने कप खाली ठेवला. "एकाच घरात वाढलो आम्ही," तो म्हणाला.

हे काही उत्तर नव्हे. लग्नवालीचा तर धंदाच उत्तरं ओळखण्याचा. आणखी एक प्रश्न विचारला असता तर सगळं बाहेर आलं असतं. पण मग ते टेबल गेलं असतं, त्या खुर्च्या गेल्या असत्या, तो आठवड्यातून दोनदा यायचा तोही थांबला असता. तिने कपात आणखी चहा ओतला आणि विषय बदलला. मासोळीच्या लग्नात त्या माणसाला घेऊन ती आपलं स्वतःचं लग्न मांडत बसली होती, आणि हे तिला मनातून पुरतं ठाऊक होतं.

धाकटा आला. उन्हाने रापलेला, दाराच्या चौकटीत न मावणारा, आल्या आल्या ऑफिसातल्या सगळ्यांशी हात मिळवत सुटलेला. "तुम्हीच का त्या?" म्हणत त्याने लग्नवालीचा हात असा हलवला, की तिच्या बांगड्या कोपरापर्यंत चढल्या. "दादा तुमच्याशिवाय दुसरं काही बोलतच नाही हो फोनवर."

थोरला भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभा होता.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी ती मासोळीला आणि दोघा भावांना हॉलवर घेऊन गेली. ऊन पडलं होतं. आधी मासोळीचा भाग लागायचा. निळ्या पातळ कापडाचं छत, वाऱ्यावर हलणारं, आणि दाराशी ओल्या दगडांचा गारवा. धाकटा एकदम थांबला. "अगं, पाण्याखालून वर बघितलं की असंच दिसतं," तो म्हणाला. "पहिल्यांदा तू मला पाण्यात ढकललंस तेव्हा हेच दिसलं होतं." मासोळीने हसून त्याच्या दंडाला चिमटा काढला. लग्नवालीने सुटकेचा श्वास टाकला.

मग दुसरा भाग आला. बारके दिवे लागले होते. पडद्याआडून व्हायोलिन आलं, अगदी हळू. मासोळी चालता चालता सावकाश झाली. तिने एका दिव्याच्या छत्रीला बोट लावलं. खिडकीशी वळवलेल्या दोन खुर्च्या पाहिल्या. मग टेबलापाशी गुडघ्यांवर बसून तिने कापड उचललं, आत छोटी उशी ठेवलेली होती ती पाहिली. ती वर बघू लागली तेव्हा तिचे डोळे भरलेले होते.

"तू टेबलाखाली बसायचास?" तिने धाकट्याला विचारलं. "कधी सांगितलं नाहीस."

"मी?" धाकटा हसला. "छे. मी टेबलावर नाचायचो. टेबलाखाली हा असायचा, दादा."

धाकट्याने हसतच आजूबाजूला पाहिलं. खुर्च्यांकडे पाहिलं, दिव्यांकडे पाहिलं, व्हायोलिन ऐकलं. आणि त्याचं हसू हळूहळू उतरत गेलं. एवढा धिप्पाड माणूस, पण उभ्या उभ्या लहान झाल्यासारखा दिसला.

"हे सगळंच दादाचं दिसतंय," तो म्हणाला. "यात मी कुठे आहे?"

"चूक माझी आहे," थोरला घाईने म्हणाला. "मी सांगताना..."

"तू बँडचं सांगितलं नाहीस?"

सांगितलं होतं, असं थोरला म्हणू शकला असता. त्याने लग्नवालीकडे पाहिलंही नाही. तिला वाचवण्यासाठी तो मूग गिळून उभा होता, आणि ते तिला सोसेना.

"सांगितलं होतं त्यांनी," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी. बँड, फटाके, केक, गाणं... सगळं. मला ते आवडलं नाही. मी म्हटलं, आतलं काहीतरी सांगा."

धाकट्याने मान हलवली. रागावला असता तर बरं झालं असतं. तो मासोळीकडे वळला. टेबलाशी ती अजून तशीच बसली होती, हातात कापड धरून. तिचे डोळे का भरले होते ते आता त्याला कळलं. माहीत नसलेला एक नवरा तिला क्षणभर सापडला होता, आणि लगेच हरवलाही होता.

"सॉरी गं," तो म्हणाला. "माझ्या आत आणखी काही नाहीये. मी एवढाच आहे."

मासोळी उठली. ड्रेसला लागलेली धूळ तिने झटकली, त्याच्यापाशी गेली आणि त्याच्या रुंद छातीवर कपाळ टेकून उभी राहिली. "एवढा काय कमी आहेस का," ती पुटपुटली. मग तिने तशीच मान वळवून लग्नवालीला म्हटलं, आवाज न चढवता, "उद्या बँड हवा. आणि हे टेबल काढून टाका, प्लीज."

लग्नवालीने सगळं काढलं. स्वतःच्या हातांनी काढलं, दुसऱ्या कुणाला सांगायची तिला लाज वाटली. दिवे उतरवले, खुर्च्या फिरवल्या, व्हायोलिनवाल्याची माफी मागितली. बँडवाल्याला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "ताई, तुम्ही? नंबर चुकला का?" केकवाल्याकडे जहाजाचा साचा नव्हता, त्याने हंसाच्या आकाराचा केक कापून जहाज केलं. दोन्ही बाजूंनी बघितलं तर ते बदकच दिसत होतं.

आणि लग्न झालं. काय लग्न झालं म्हणून सांगावं! बँडवाल्यांनी हॉल डोक्यावर घेतला. बदक पाहून धाकटा एवढा हसला, की त्याला ठसका लागला. मग माइक हातात घेऊन त्याने जे गाणं म्हटलं ते ऐकून खिडकीबाहेरची कबुतरं उडाली. मासोळी हसून हसून वाकली होती, तिचं काजळ गालावर उतरलं होतं, आणि ती त्याच्याकडे बघत होती. कशी बघत होती ते लग्नवालीने मागच्या भिंतीशी उभं राहून पाहिलं. तिने आखलेल्या लग्नांत लोक हळू आवाजात "किती सुंदर" म्हणायचे. असं हसलं मात्र कधी कुणी नव्हतं. हे लग्न त्या दोघांचं होतं, नखशिखांत त्या दोघांचं, आणि त्यात तिचा हात फक्त फोन फिरवण्यापुरता होता. एवढी वर्षं तिने कुणाची लग्नं केली मग?

बँडने ठेका बदलला. गर्दी फाकली आणि मधोमध थोरला आला. चष्मेवाला. सदरा बाहेर आलेला, घामाने डबडबलेला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. दोन बोटं तोंडात घालून त्याने सणसणीत शिट्टी मारली, हात वर केले, आणि गुडघे वाकवून असा काही नाचू लागला, की पोरांनी त्याच्याभोवती रिंगण धरलं. तो अतिशय वाईट नाचत होता आणि अतिशय खूश होता.

लग्नवालीने नाक मुरडलं.

तिने ठरवून नाही केलं. चेहऱ्याचं आपोआप होऊन गेलं, एखादी माशी बसावी आणि कातडी हलावी तसं. नेमका त्याच वेळी त्याने गिरकी घेतली आणि गर्दीवरून तिच्याकडे पाहिलं. त्याचे हात वरच राहिले, पाय मात्र एक ठेका चुकले. मग तो पुन्हा नाचायला लागला, पण आता पोरांकडे बघून.

दुपार कलली. पाहुणे गेले, नवराबायको गेली. खुर्च्या एकावर एक चढत होत्या. तो तिला शोधत आला तेव्हा ती खिडकीच्या कठड्यावर बसली होती. त्याने तोंड धुतलं होतं, सदरा नीट खोचला होता. तिला ते बघून भडभडून आलं. नीट होऊन आला होता तो, तिच्यासाठी.

"तू काहीतरी विचारणार होतास," ती म्हणाली.

"हो." तो तिच्या शेजारी बसला, थोडं अंतर ठेवून. "आधी थोडं सांगतो. टेबलाखाली मी एकदाच लपलो होतो, धाकट्याच्या डोक्यात तेवढंच बसलंय. पायबिय काही नाही बघितले. झोप लागली मला."

ती त्याच्याकडे बघत राहिली.

"खिडकीशी बसतो मी, ते खरंय. पण गप्प नाही बसत. येणाऱ्या-जाणाऱ्यांची टिंगल करतो. आणि बारके दिवे... माझ्या दुकानात बघितलंस ना? भगभगीत ट्यूबलाइट आहे."

"आणि गुणगुणणं?"

"ते खरं. आई गुणगुणते अजून. तेवढं एक."

"मग का सांगितलंस असं?"

तो हाताचे तळवे एकमेकांवर घासत राहिला. "पहिल्या दिवशी भावाचं खरं सांगितलं, तेव्हा तुझं तोंड कडू झालं. मग टेबलाचं सांगितलं, आणि तू माझ्याकडे जसं बघितलंस... तसं माझ्याकडे कुणी कधी बघितलं नव्हतं गं. पुन्हा तसं बघावंस म्हणून सांगत गेलो. जे तुझ्या डोळ्यांत उजळेल ते माझं म्हणत गेलो."

"म्हणजे मला जो आवडला," तिचा आवाज फुटला, "तो कोण होता?"

"थोडा मी. बाकी तुझा तूच रचलेला."

खाली रस्त्यावर बँडवाले आपली वाद्यं टेम्पोत चढवत होते. कुणीतरी उगाचच ड्रमवर एक थाप मारली.

"मी नाचत होतो तेव्हा तुझा चेहरा बघितला," तो म्हणाला. त्यात तक्रार नव्हती. "मी तसाच आहे. सगळ्या लग्नांत नाचतो. भावात आणि माझ्यात काडीचा फरक नाही, फक्त तो खरं बोलतो."

"नाच तू," ती घाईघाईने म्हणाली. तिने त्याचा हात धरला, पहिल्यांदाच. तो गरम होता, जड होता. "नाच, शिट्ट्या मार, टिंगल कर लोकांची. मला चालेल. खरंच चालेल मला."

तो हसला. खळी पडली. "'चालेल' म्हणालीस."

"म्हणजे?"

"'आवडेल' नाही म्हणालीस."

तिने तोंड उघडलं. शब्द अगदी ओठांशी होता. एवढा साधा शब्द, रोज दहा माणसांना दहा गोष्टींसाठी ती तो म्हणत असे. आत्ता म्हटला असता तर तो थांबला असता. तो त्यासाठीच बसला होता, हात न सोडवता, तिच्या तोंडाकडे बघत. त्याने वाट पाहिली. चांगला बराच वेळ पाहिली.

पण त्याच्याशी आता खोटं बोलायचं नाही, एवढं एकच तिला कळत होतं.

"आई खाली थांबलीये, तिला घरी न्यायचंय," अखेर तो म्हणाला. त्याने आपला हात हलकेच सोडवून घेतला, तिच्या हातावर एकदा थोपटलं आणि उठला. दाराशी गेल्यावर वळेल असं तिला वाटलं. तो वळला नाही. जिन्यावर त्याची पावलं वाजली, आणि खालच्या पायरीवर पोचल्यावर तो शीळ घालायला लागला, बँडचंच ते गाणं, बेसूर.

ती कठड्यावरून उठली नाही. आयुष्यभर ती लोकांना सांगत आली होती, की माणूस जसा आहे तसा मला हवा. तसा एक माणूस समोर येऊन बसला होता, आणि तो तिला आवडला नव्हता. आवडला नव्हता, तरी त्याच्यावर तिचं प्रेम होतं. शीळ ऐकू येईनाशी झाली तेव्हा ती रडायला लागली, आणि खुर्च्या उचलणारी माणसं तिची तेवढी एक बाजू सोडून बाकीचा हॉल आवरू लागली.